सत्तावीस नंबरची बाटली

१

सत्तावीस नंबरची बाटली जागेवर नाही हे सोमवारी सकाळी साडेनऊला लक्षात आलं आणि दहाच्या आत भिंगबाईंच्या घरचा फोन वाजला.

"बाई, मी बोलतोय."

आवाज ओळखायला बाईंना वेळ लागला नाही. हा मुलगा आता संस्थेचा संचालक होता, पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यानं अकरा काचपात्रं फोडली होती आणि त्या प्रत्येक काचपात्राची आठवण बाईंच्या मनात ताजी होती.

"काय फोडलंस आता?"

"फोडलं नाही हो. गेलं. चोरीला."

भिंगबाई हे त्यांचं पाळण्यातलं नाव अर्थातच नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली, तेव्हा कुणीतरी गमतीनं ठेवलेलं हे नाव त्यांना जे चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी भाजीवालासुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारायचा.

अर्ध्या तासात त्या संस्थेत पोचल्या. जुनी दुमजली इमारत, दारातच तो ओळखीचा वास: वाळलेली पानं, अल्कोहोल आणि उकळत्या पाण्याची वाफ. सवयीनं हात कमरेला गेला. तिथे पूर्वी किल्ल्यांचा जुडगा असायचा. निरोपाच्या दिवशी तो त्यांनी संस्था उभी करणाऱ्या सरांच्या हातात ठेवला होता, आणि सर कितीतरी वेळ त्या जुडग्याकडेच बघत राहिले होते.

"बसा," संचालक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुमच्या वेळेला आपण किती झाडं तपासली होती?"

"एकोणीस. एकोणीसच्या एकोणीस फुकट."

काम तेच होतं, तेव्हाही आणि आताही. झाडपाल्याचा अर्क काढायचा, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांच्यावर तो अर्क घालायचा आणि दोन दिवसांनी बघायचं, पेशी मेल्या की जगल्या. बहुतेक वेळा त्या मजेत जगायच्या.

"सत्तावीस नंबरनं मात्र कमाल केली," संचालक म्हणाला. "सरांचं ते आवडतं झुडूप, जाड पानांचं. तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा पेशी साफ. मी पेपरात बातमीही दिली. शुक्रवारी मोठ्या हॉस्पिटलचे लोक बाटली घ्यायला येणार आहेत, आणि आज फ्रीझर उघडला तर बाटलीच्या जागी खळगा! कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक चिमणीकडे."

"चिमणी कोण?"

"अर्क तिनंच काढला. हुशार पोरगी आहे. तिला दुसरीकडून नोकरीचं बोलावणं आलंय, हे मला काल कळलं." त्यानं मान खाली घातली. "बाई, पोलिसात दिलं तर पोरगी आयुष्यातून उठेल. शुक्रवारपर्यंत तुम्ही बघा. नाहीतर मला तिला काढावंच लागेल."

"ती काय म्हणते?"

"तेच तर! ती म्हणते, बाटली गेली ते बरं झालं."

२

चिमणी पेशींच्या खोलीत उभी होती. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. डोळे रडून लाल झालेले, पण हात शांतपणे काम करत होते. बाईंनी आधी तिच्या हातांकडे बघितलं. माणूस हातांवरून कळतो, असा त्यांचा अनुभव होता.

"बरं झालं असं का म्हणालीस गं?"

"कारण मला त्या बाटलीचा विश्वास वाटेनासा झाला होता." चिमणीनं हातमोजे काढले. "पहिले तीन प्रयोग एकाच बाटलीतून केले. मागच्या आठवड्यात मी ताजी पानं घेतली, ताजा अर्क काढला. तेच झुडूप, तेच वजन, तेच अल्कोहोल. आणि पेशींना ढिम्म काही झालं नाही. साहेब म्हणाले, तुझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच."

"हा ताजा अर्क कशात भरलास?"

"प्लॅस्टिकच्या नव्या नळ्यांत. पहिल्या वेळी नळ्या संपल्या होत्या, म्हणून धुण्याच्या खोलीतली एक बाटली घेतली होती. तपकिरी काचेची."

"फोटो दाखव."

मेलेल्या पेशींचे फोटो टेबलावर पसरले. केंद्रकं निळ्या रंगात उठून दिसत होती. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकापाशी धरला, आणि सात वर्षं जणू मधे गेलीच नव्हती.

धड पेशीत केंद्रक एकच असतं, गोल, शांत. इथे एकेका पेशीत पाच-पाच, सहा-सहा तुकडे होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे एकमेकांना खेटून बसलेले. बाईंनी दुसरा फोटो घेतला. तिसरा. सगळीकडे डाळिंबं.

"हे कुणाकुणाला दाखवलेस?"

"साहेबांना दाखवले. ते म्हणाले, मेल्याशी मतलब. सरांनाही दिले होते, ते अजून रोज दुपारी येऊन बसतात ना त्यांच्या खोलीत. शुक्रवारी घेतले, शनिवारी परत केले. मला वाटलं खूश होतील, शेवटी त्यांचं झुडूप. पण त्यांनी नुसतं विचारलं, अर्क कुठल्या बाटलीत ठेवलास. मी फ्रीझर उघडून दाखवली. बस, गप्प झाले. वय झालंय हो त्यांचं."

पेशींनाही मरायची तऱ्हा असते. काही सुकतात, काही फुगून फुटतात, काही तळ सोडून तरंगायला लागतात. झाडपाल्यानं मेलेल्या पेशी त्यांनी क्वचितच बघितल्या होत्या, पण डाळिंबासारख्या मेलेल्या पेशी हजारदा बघितल्या होत्या. प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी एका बशीत हॉस्पिटलमधलं खरं कॅन्सरचं औषध घालायचे, त्या बशीत.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "या पेशी पानांनी मेलेल्या नाहीत."

३

म्हणजे त्या बाटलीत खरं औषध होतं. कुणी घातलं? आणि कशासाठी?

बाई मागच्या दारानं अंगणात आल्या. सत्तावीस नंबरचं झुडूप भिंतीलगत उभं होतं. सरांनी ते चाळीस वर्षांपूर्वी डोंगरउतारावरून मातीच्या गोळ्यासकट पोत्यात गुंडाळून आणलं होतं, तेव्हा ते वीतभर होतं. बाईंनी त्याला कितीदा तरी पाणी घातलं होतं. आता ते डोक्याच्या वर गेलं होतं, पण भिंतीकडच्या बाजूनं पार ओकंबोकं. खांद्याच्या उंचीपर्यंत एकही पान नाही.

झुडपाशेजारच्या खोलीत वाळवणकाका बसायचे. झाडं ओळखायची, दाबून वाळवायची, कागदावर चिकटवायची, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम, म्हणून हे नाव.

"आलात का बाई! काय दिवस होते नाही आपले?" काकांनी खुर्ची पुसली. "सर बेसूर गाणं म्हणत जिना उतरायचे आणि आपण सगळे कामाला लागल्याचं सोंग करायचो."

"मी सोंग करत नव्हते."

"तुम्ही नव्हता. मी करायचो." काका हसले, पण नजर चोरून.

"झुडपाला काय झालं हो?"

"कीड. यंदा फार कीड आहे."

"कीड पान खाते काका. देठ कात्रीनं तिरके कापत नाही."

काकांनी हातातला कागद खाली ठेवला.

"धाकटी बहीण आहे माझी," अखेर ते म्हणाले. "तीन-चार महिन्यांपूर्वी छातीत गाठ निघाली. हॉस्पिटलात औषध चालू होतं, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. दोनदा घेतलं आणि केस गेले, तोंड आलं, चार दिवस पाणीसुद्धा पोटात ठरेना. त्यात पेपरात आपली बातमी आली. म्हणाली, दादा, तुमच्या अंगणात औषध आहे आणि मी हे विष कशाला घेऊ? मला नाही म्हणवलं नाही बाई. रोज पानं नेतो. ती काढा करून पिते."

"आणि हॉस्पिटल?"

"सोडलं. महिना झाला."

एवढा वेळ बाई एका बाटलीचा शोध घेत होत्या. आता त्या बाटलीच्या पलीकडे एक जिवंत बाई उभी राहिली होती.

"काका, खरं सांगा. तिच्यासाठी बाटलीही तुम्हीच नेलीत?"

"पानांचा चोर म्हणा, कबूल आहे. बाटलीला हात लावला नाही. फ्रीझरची किल्ली मला कोण देणार?" काकांनी डोळे पुसले. "पण बाई, पेशी मेल्या हे तरी खरं ना? निदान तेवढं तरी खरं आहे ना?"

४

धुण्याच्या खोलीत बाईंनी सात वर्षांनी पाऊल टाकलं.

ही खोली त्यांचं राज्य होतं. त्या काळी काच दुर्मीळ. एक बाटली दहा-दहा वर्षं वापरायची. साबण, मग साधं पाणी, मग शुद्ध पाणी, मग उलटी करून वाळत ठेवायची. बाई कामाला लागल्या तेव्हा सरांनी त्यांना सगळ्यात आधी बाटली धुवायला शिकवली होती, स्वतः बाह्या सरसावून. "पेशी खोटं बोलत नाहीत," ते म्हणायचे, "काच बोलते."

खिडकीखालच्या फळीवर तपकिरी बाटल्या अजून तशाच उलट्या मांडलेल्या होत्या, उंचीप्रमाणे. नव्या मुलांना प्लॅस्टिकची सवय, कुणी त्यांना हात लावला नव्हता. एका बाटलीएवढी जागा रिकामी होती. बाकी अकरा होत्या.

"चिमणे, इकडे ये. या अकरा बाटल्यांत थोडं थोडं अल्कोहोल घाल, चांगलं घोळव आणि ते पेशींवर टाक. अर्क नको, पान नको, काही नको. जोडीला नव्या नळीतलं कोरं अल्कोहोलही टाक, म्हणजे अल्कोहोलनं काही होत नाही हे दिसेल. सगळं अगदी थेंब, तू अर्क घालायचीस तेवढंच."

"यानं काय कळेल?"

"कळलं तर सांगते."

दोन दिवस थांबण्यावाचून इलाज नव्हता. बाई घरी जाऊन येऊन राहिल्या. संचालक दर तासाला डोकावून जायचा. सर मात्र दिसले नाहीत. ताप आलाय, रविवारपासून घरीच आहेत, असं कळलं.

बुधवारी दुपारी चिमणीनं बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि उठून बाईंना जागा दिली.

पहिली बाटली: पेशी जिवंत, फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून पसरलेल्या. दुसरी, तिसरी, चौथी तशाच. कोरं अल्कोहोल घातलेल्या पेशीही जिवंत. पाचवीपाशी बाईंचा हात थांबला.

डाळिंबं.

पुढच्या पाच जिवंत. अकरावीत पुन्हा डाळिंबं.

"पान नाही, मूळ नाही," चिमणी कुजबुजली. "नुसत्या बाटलीनं मारल्या?"

"बाटलीत चिकटून राहिलेल्या औषधानं. हे औषध पाण्यात विरघळत नाही. पाण्यानं शंभरदा धुतलं तरी काचेला पातळ थर धरून बसतं. अल्कोहोल पडलं की सुटतं. आणि पेशी मारायला त्याचा कण पुरतो, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा." बाईंचा आवाज शिकवतानाचा झाला होता. "तुझ्या त्या बाटलीत कधीकाळी औषध साठवलेलं होतं. तू अल्कोहोलमधला अर्क ओतलास, थर सुटला. म्हणून तीन प्रयोग जमले आणि नव्या नळीतले फसले. तुझं काही चुकलं नव्हतं. तूच बरोबर होतीस."

चिमणी रडायला लागली. या वेळचं रडणं वेगळं होतं.

बाईंनी पाचव्या बाटलीचं तोंड उजेडात धरलं. हे व्हायला नको होतं. औषधाच्या बाटल्या कधीच पुन्हा वापरायच्या नाहीत, वेगळ्या ठेवायच्या, हा नियम होता. मग या दोन इथे आल्या कशा? त्यांनी हातभिंग घेतलं. बाटलीच्या मानेच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. लाल. दोऱ्याचे दोन-तीन तंतू.

बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं.

"काय झालं बाई?"

औषधाच्या बाटल्या चुकून मिसळू नयेत म्हणून त्यांच्या मानेला लाल दोरा बांधायची पद्धत होती. बांधायचं काम एकाच माणसाचं. निरोपाच्या आदल्या दिवशी, मागे काही पसारा राहू नये म्हणून, त्याच माणसानं फळीवरच्या सगळ्या बाटल्या घासल्या होत्या, जुनी लेबलं खरवडली होती, दोरे कापून टाकले होते. मन थाऱ्यावर नव्हतं. एकीकडे घासणं चालू होतं आणि एकीकडे रडणं. औषधाच्या बाटल्या फोडून टाकायला बाजूला काढायचं राहूनच गेलं.

तो दोरा भिंगबाईंनीच बांधला होता. आणि भिंगबाईंनीच कापला होता.

५

गुन्हेगार सापडला होता. चोर राहिला होता.

पण आता तोही लपून राहिला नाही. डाळिंबं ओळखणाऱ्या डोळ्यांच्या या इमारतीत दोनच जोड्या होत्या. एक त्यांची. दुसरी, त्यांना ती ओळखायला शिकवणाऱ्याची. फ्रीझर तोच जुना होता, आणि किल्ल्या दोन नव्हे, तीन होत्या. तिसरी त्या जुडग्यात होती.

गुरुवारी सकाळी त्या सरांच्या घरी गेल्या. सर खुर्चीत शाल पांघरून बसले होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस तापानं आणखीच लहान झाला होता. बाईंना बघताच त्यांनी विचारलं नाही, का आलात. त्यांनी पुस्तकांच्या कपाटाकडे बोट केलं. तिथे रुमालात गुंडाळलेली बाटली होती.

"तुम्हाला कळणार हे मला ठाऊक होतं," सर म्हणाले. "दोन दिवस उशीर केलात."

"पेशींना दोन दिवस लागतात सर."

दोघंही हसले, आणि मग कुणालाच हसवेना.

"फोटो बघितले तेव्हाच समजलो," सर सांगू लागले. "वाटलं, कुणीतरी मला म्हाताऱ्याला खूश करायला औषध मिसळलं. पण बाटली बघितली तर मानेत तो लाल दोरा. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर काढून आणली."

"का पण?"

"एकतीस वर्षं, बाई. तुमच्या हातून एक चूक झाल्याचं मला आठवत नाही. हॉस्पिटलच्या लोकांनी बाटली तपासली असती तर चार दिवसांत सगळं बाहेर आलं असतं, आणि पेपरात आलं असतं तुमचं नाव. म्हटलं, बाटली नाही तर प्रकरण नाही. ताजा अर्क फसतोच आहे. सत्तावीस नंबर गुपचूप बंद होईल, आधीच्या सव्वीसांसारखा. कुणाला काही लागणार नाही."

"आणि तुमचं झुडूप?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "चाळीस वर्षं वाटत होतं, यात काहीतरी आहे. नाहीये. ते कुणी लपवून थोडंच बदलणार आहे?"

बाई म्हणाल्या, "सर, उद्या त्या पोरीला कामावरून काढणार आहेत. चोरीच्या आरोपावरून. आणि काकांच्या बहिणीनं आपली बातमी वाचून हॉस्पिटल सोडलंय. महिनाभर ती या पानांचा काढा पितेय."

सरांनी शाल बाजूला केली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"मला यातलं काही माहीत नव्हतं. माझा कोट द्या. तो तिकडे आहे, दारामागे."

"तुम्हाला ताप आहे."

"कोट द्या बाई."

संचालकाच्या टेबलावर बाटली ठेवून सर एवढंच म्हणाले, "चोर मी. त्या मुलीची माफी माग, सगळ्यांसमोर." मग बाईंनी बाकीचं सांगितलं, शेवटपर्यंत, स्वतःचं नाव न गाळता.

संचालकानं डोकं धरलं. "बाई, हॉस्पिटलला काय सांगू? पेपरवाल्यांना काय सांगू? बाटली फुटली म्हणू का? संस्थेचं नाक कापलं जाईल हो."

"जे झालं ते सांग. कागद दे इकडे, मीच लिहिते."

त्यांनी लिहिलं. अक्षर अजून तसंच होतं, मोत्यासारखं. सत्तावीस नंबरच्या अर्कानं पेशी मरत नाहीत. आधीचे तीन निकाल दूषित बाटलीमुळे चुकले. बाटली धुण्याची चूक माझी. खाली सही केली. संचालकानं कागद दोनदा वाचला. मग उठून पेशींच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. "चुकलं माझं," असं तो चिमणीला म्हणाला ते सगळ्यांनी ऐकलं.

६

"मी नाही सांगू शकणार तिला," वाळवणकाका म्हणाले. "महिनाभर मीच पानं पुरवली. आता कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही चला."

काकांची बहीण खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. डोक्याला सुती रुमाल, गाल बसलेले, पण डोळे तल्लख. बाईंनी फिरवून काही सांगितलं नाही. तिनं हातातली घडी अर्धवट ठेवली.

"म्हणजे मी महिनाभर नुसता पाला प्याले."

"हो."

"आणि चूक तुमची."

"माझी."

"दादा, तू बाहेर जा जरा," ती म्हणाली. काका निमूट गेले. मग ती बोलली ते इतकं हळू की बाईंना पुढे वाकावं लागलं. "तुम्हाला माहीत आहे त्या सलाईननं काय होतं ते? माझी लेक मला ओळखेना. चार दिवस मी भिंत धरून मोरीपर्यंत जायचे. मग ती बातमी आली. पहिल्यांदा रात्री झोप लागली मला. तुमच्या एका बाटलीनं मला महिनाभर झोप दिली, आणि आज ती काढून घ्यायला आलात."

मान खाली घालून बाई ऐकत राहिल्या. रागवायचा तिला पूर्ण हक्क होता आणि तिनं तो बजावला. बरंच बोलली. मग दमली. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखी थांबली.

"पण पेशी मेल्या होत्या ना? पेपरात फोटो होता."

"मेल्या होत्या."

"कशानं?"

"बाटलीला जे औषध चिकटलं होतं त्यानं."

"कुठलं औषध?"

बाईंनी नाव सांगितलं. बहिणीनं उठून कपाटातली हॉस्पिटलची फाईल काढली, पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि फाईल बाईंपुढे धरली.

"हेच?"

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. एकतीस वर्षं त्यांना ते तुलनेच्या बशीतलं औषध म्हणूनच ठाऊक होतं.

"हेच," त्या म्हणाल्या.

"सात वर्षं वाळलेलं? धुऊन उरलेलं?"

"दिसतसुद्धा नव्हतं एवढं. तरी तीनदा साफ केल्या." मग खरं ते पुरतं सांगायला हवं म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "बशीतलं वेगळं आणि माणसाच्या अंगातलं वेगळं. मी तुम्हाला खात्री देत नाही. एकदा खोटी खात्री दिली तेवढी पुरे. पण पानांनी काही केलं नाही आणि यानं केलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

बहिणीनं फाईल मिटून मांडीवर घेतली. खाली रस्त्यावर मुलं खेळत होती, त्यांचा कलकलाट वर येत होता.

"तुम्ही याल बरोबर?" तिनं विचारलं.

शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलचे लोक संस्थेत बाटली घ्यायला आले आणि कागद घेऊन परत गेले. त्याच वेळी भिंगबाई काकांच्या बहिणीच्या डॉक्टरांसमोर उभं राहून बोलणी खात होत्या. महिना वाया गेला म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांनाच फैलावर घेतलं, काकांना जरा जास्तच. तपासण्या पुन्हा झाल्या. गाठ थोडी वाढली होती, पण हाताबाहेर गेलेली नव्हती. पुढच्या मंगळवारपासून औषध पुन्हा सुरू करायचं ठरलं.

मंगळवारी नर्सनं सलाईन लावलं आणि थेंब पडायला लागले. बहीण डोळे मिटून पडली होती. बाई शेजारच्या स्टुलावर, काका दाराबाहेर येरझाऱ्या घालत.

"बाई," ती डोळे न उघडता म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं त्या पेशी बघितल्यात. दिसतात कशा?"

असा प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांना ती खोली आठवली, सकाळची उन्हं, सरांचं बेसूर गाणं, आणि भिंगाखाली पसरलेली ती चमकती फरसबंदी.

"खरं सांगू? मेल्या दिसायला फार देखण्या असतात."

बहीण हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता तिला खोकला आला आणि काका धावत आत आले.

"असू देत देखण्या," ती म्हणाली. "जाऊ देत माझ्या अंगातून." आणि सलाईन लावलेला हात हलू नये म्हणून तिनं दुसरा हात बाईंच्या हातात दिला.